सेरेब्रल पाल्सीचे निदान दोन वर्षांपर्यंत होत नाही?

‘सेरेब्रल पाल्सी (मेंदूच्या इजेमुळे वा वाढीतील दोषामुळे हालचालींत येणारे कायमचे अपंगत्व) आहे की नाही, हे बाळ दोन वर्षांचे होईपर्यंत कळत नाही’ हा समज जुना असला तरी आता चुकीचा ठरला आहे. जन्मतः धोका असलेल्या, म्हणजे अपुऱ्या दिवसांच्या किंवा जन्मताच मेंदूला इजा झालेल्या बाळांत हे निदान, अथवा किमान ‘दाट शक्यता’, सहा महिन्यांच्या आत वर्तवता येते, असे २०१७ साली प्रसिद्ध झालेल्या आंतरराष्ट्रीय शिफारशींत स्पष्ट म्हटले आहे. (अपुऱ्या दिवसांच्या बाळाचे वय मात्र प्रसूतीच्या अपेक्षित तारखेपासून मोजावे.)

मज्जासंस्थातज्ज्ञ हाइन्झ प्रेख्टल यांनी विकसित केलेल्या, बाळाच्या आपोआप होणाऱ्या हालचाली पाहण्याच्या पद्धतीत जागे, शांत बाळ उताणे ठेवून, खेळणे न दाखवता, काही मिनिटांचे चित्रीकरण करतात. तीन ते पाच महिन्यांच्या निरोगी बाळाच्या मानेत, धडात आणि हातापायांत सर्व दिशांनी बारीक, अखंड चुळबुळ दिसते. ती दिसलीच नाही, तर धोका मोठा असतो. जोडीला एमआरआय आणि मज्जासंस्थेची पद्धतशीर तपासणी केल्यास अंदाज अधिक पक्का होतो.

मेंदू सर्वाधिक घडणसुलभ असतो तो याच काळात. म्हणून उपचार लवकर सुरू व्हायला हवेत, आणि ‘काही मुले उशिराच चालतात’ हा प्रेमळ दिलासा अशा बाळांच्या बाबतीत महागात पडतो.