विद्यापीठात इंटरनेट आधी आलं, शिक्षक त्याच्यापर्यंत नंतर पोचले

१९८६ मध्ये केंद्राच्या इलेक्ट्रॉनिक्स विभागाने संयुक्त राष्ट्रांच्या विकास कार्यक्रमाच्या मदतीने ‘अर्नेट’ हे शिक्षण आणि संशोधन संस्थांना जोडणारं जाळं सुरू केलं. पुढच्याच वर्षी पवईचं आयआयटी आणि जुहूचं एनसीएसटी ही सॉफ्टवेअर संशोधन संस्था यांच्यात डायल-अपवरून, म्हणजे टेलिफोनच्या तारेवरून, ईमेल जाऊ लागला. तिथे कुणाची समजूत घालावी लागली नाही, कारण वापरणारे आणि बांधणारे एकच होते.

विद्यापीठांचं तसं नव्हतं. मराठी, इतिहास, वनस्पतिशास्त्र शिकवणाऱ्यांनी हे का शिकावं? या प्रश्नाला पहिलं खरं उत्तर ग्रंथालयांनी दिलं, असं मला वाटतं. १९९१ मध्ये पुण्याच्या आयुका या खगोलशास्त्राच्या संशोधन केंद्राच्या छत्राखाली ‘इन्फ्लिबनेट’ हा विद्यापीठांची ग्रंथालयं जोडण्याचा प्रकल्प सुरू झाला. पुढे तो अहमदाबादला स्वतंत्र केंद्र झाला. त्याच्यामार्फत २००४ पासून यूजीसी-इन्फोनेट या विद्यापीठ अनुदान आयोगाच्या योजनेतली ई-नियतकालिकं विद्यापीठांना मिळू लागली. एका लेखाच्या झेरॉक्ससाठी दुसऱ्या गावच्या ग्रंथालयाला पत्र लिहिणाऱ्या संशोधकाला संगणकापुढे बसायला परिपत्रक लागत नाही.

शिक्षकांच्या प्रशिक्षणाची व्यवस्था त्याआधीपासून होती. १९८६ च्या शैक्षणिक धोरणानंतर प्राध्यापकांना प्रशिक्षण देणारी अकॅडमिक स्टाफ कॉलेजं निघाली. तिथले ओरिएंटेशन आणि रिफ्रेशर कोर्स बढतीशी जोडलेले असल्यामुळे शिक्षक येत. पण प्रमाणपत्रासाठी आलेला माणूस परत गेल्यावर शिकलेलं वापरेलच, याची हमी बढतीचा नियम देऊ शकत नव्हता.

म्हणूनच आयआयटी मुंबईच्या प्रा. दीपक फाटक यांच्या प्रयोगाबद्दल थोडं सविस्तर सांगायला हवं. आधी एक हजार, मग दहा हजार शिक्षकांना शिकवायचं, असा तो बेत होता. सगळ्यांना पवईला बोलावणं शक्यच नव्हतं. मग देशभरच्या अभियांत्रिकी महाविद्यालयांतच केंद्रं उघडली. प्रत्येक केंद्राच्या समन्वयकाला आधी पवईत तयार केलं. मुख्य कार्यशाळेत व्याख्यान पवईहून थेट दिसायचं, सराव मात्र आपापल्या केंद्रावर, त्या समन्वयकाच्या देखरेखीखाली व्हायचा. अडलं तर विचारायला ओळखीचा माणूस शेजारीच असायचा. शिवाय नवं तंत्र वापरतच शिक्षक शिकत होते. मला या रचनेचं मोल फार मोठं वाटतं.

२०१० मध्ये शिक्षण आणि संशोधन संस्थांना वेगवान इंटरनेटने जोडणाऱ्या राष्ट्रीय ज्ञानजालाला मंजुरी मिळाली आणि वेगाचा प्रश्न निदान मोठ्या संस्थांपुरता सुटू लागला. २०१७ मध्ये ‘स्वयम्’ हे सरकारी ऑनलाइन अभ्यासक्रमांचं व्यासपीठ आलं; पुढच्याच वर्षी ‘अर्पित’ या उपक्रमातून शिक्षकांचा रिफ्रेशर कोर्सही त्यावरच होऊ लागला.

मार्च २०२० मध्ये वर्ग बंद झाले, तेव्हा तीन दशकं ज्याचा आग्रह चालला होता ते काही आठवड्यांत करावं लागलं. अनेकांनी पहिला ऑनलाइन तास घेतला तो घरच्या मुलाला किंवा मुलीला शेजारी बसवून.