डोटाची ‘इंटरनॅशनल’ आणि ‘खेळ’ या शब्दाचं लचांड

नेरूळमधल्या आमच्या सोसायटीच्या हॉलचं बुकिंग रजिस्टर मोठ्या शिस्तीचं आहे. तारीख, फ्लॅट नंबर, कशासाठी आणि शेवटचा रकाना ‘प्रकार’. त्यात दोनच नोंदी चालतात, ‘क्रीडा’ किंवा ‘समारंभ’. कॅरम, टेबल टेनिस, बुद्धिबळ असेल तर क्रीडा, भाडं नाही. बारसं, साखरपुडा, भिशी असेल तर समारंभ, भाडं अधिक सफाईचे पैसे. सप्टेंबर २०२५ मध्ये पितृपक्षामुळे हॉल ओस पडला होता. तेव्हा इमारतीतल्या पाच-सहा मुलांनी अर्ज टाकला: रविवार, १४ तारीख, डोटाच्या ‘इंटरनॅशनल’ची फायनल प्रोजेक्टरवर बघायची आहे. प्रकार: क्रीडा. (डोटा हा पाच विरुद्ध पाच असा खेळायचा कॉम्प्युटर गेम, आणि ‘द इंटरनॅशनल’ ही त्याची सगळ्यात मोठी स्पर्धा.) सेक्रेटरींनी ‘क्रीडा’वर काट मारून शेजारी ‘समारंभ’ लिहिलं. त्याच संध्याकाळी दुबईत आशिया चषकाचा भारत-पाकिस्तान सामना होता. तो बघायला हॉल हवा म्हणून दुसरा अर्ज आला, त्यावरही ‘क्रीडा’च लिहिलेलं होतं आणि त्यावर कुणी पेन उचललं नाही. क्रिकेट खेळणं ही क्रीडा, इथवर ठीक. प्लास्टिकच्या खुर्चीत बसून ते बघणं हीसुद्धा क्रीडा, हे मला त्या दिवशी कळलं.

मुलं चिडली. मला मात्र हसू आलं, कारण ज्या स्पर्धेसाठी हे भांडण चाललं होतं, तिचं बिऱ्हाड चार वर्षांपूर्वी नेमक्या याच रकान्यापायी एका देशातून दुसऱ्या देशात हललं होतं. ती हकीकत पुढे येईलच.

आधी नावाबद्दल. ‘द इंटरनॅशनल’ म्हटलं की घरातल्या मोठ्यांचा पहिला प्रश्न ठरलेला: “आपली टीम आहे का त्यात?” या नावात देश नाहीतच. खेळतात ते क्लब. एका संघातले पाच जण चार देशांचे असू शकतात, पुढच्या वर्षी त्यातले दोघे समोरच्या संघात दिसतात. राष्ट्रगीत नाही, ध्वज असलाच तर प्रेक्षकांच्या हातात. आयपीएल समजलेल्या माणसाला हे समजायला अवघड जाऊ नये. पण नावातच ‘आंतरराष्ट्रीय’ असल्यामुळे दर वेळी नव्यानं समजावावं लागतं, आणि सरकारी कागदावर ही अडचण आणखी वाढते. क्रीडा खात्यांना देशाचा संघ ओळखता येतो, क्लबांची जत्रा नाही.

मूळ डोटा हा स्वतंत्र गेम नव्हता. ‘वॉरक्राफ्ट ३’ नावाच्या गेमवर हौशी लोकांनी २००३ च्या सुमारास बनवलेला तो एक नकाशा, म्हणजे त्याच गेममध्ये वेगळ्या नियमांनी खेळायचं मैदान. तो कुणी बनवला, कुणी पुढे नेला, नावाचा हक्क कुणाचा, यावरून दोन मोठ्या कंपन्यांत वाद झाला आणि २०१२ मध्ये मिटला. त्यात मी शिरत नाही. मला ठाऊक आहे तो डोटा वाशी-नेरूळच्या कॅफेतला, साधारण २००६ ते २०१० चा.

स्टेशनजवळच्या कॉम्प्लेक्समध्ये पहिल्या मजल्यावर अर्ध्या शटरचा गाळा. आत बारा पीसी, त्यातला सात नंबरचा कायम बंद. चप्पल बाहेर काढायची, एसी एकच आणि तो मालकाच्या डोक्यावर. पाच विरुद्ध पाच असा लॅनवर, म्हणजे इंटरनेटविना एकमेकांना जोडलेल्या पीसींवर, सामना लागायचा. निळ्या रंगाच्या जागेवर बसलेला ‘डॅश एपी’ टाइप करायचा, म्हणजे प्रत्येकाला हवं ते पात्र निवडता येई. तो विसरला की सगळी खोली त्याच्या नावानं शंख करायची. सगळ्या मशीनवर नकाशाची आवृत्ती एकच लागे. एका पीसीवर जुनी निघाली की कुणीतरी पेन ड्राइव्ह घेऊन टेबलाखाली घुसायचा. आणि पैज एकच असायची: हरलेल्या पाच जणांनी दहाही जणांचं तासाचं बिल भरायचं. त्या दिवसांत लोडशेडिंग होतं. वीज गेली की यूपीएस पाच-सात मिनिटं तग धरायचा आणि तेवढ्यात जो संघ पुढे असेल तो ‘आम्ही जिंकलो’ म्हणायचा. बिलावरून सगळ्यात मोठी भांडणं झाली ती अशा अर्धवट राहिलेल्या गेमांची. ही बिलाची पैज लक्षात ठेवा.

पहिली इंटरनॅशनल ऑगस्ट २०११ मध्ये जर्मनीत कोलोन इथे, गेमांच्या मोठ्या जत्रेत झाली. सोळा संघ, एकूण बक्षीस १६ लाख डॉलर, त्यातले १० लाख विजेत्याला. तेव्हा ‘डोटा २’, म्हणजे व्हॉल्व्ह कंपनीनं काढलेला स्वतंत्र गेम, लोकांसाठी खुलादेखील झाला नव्हता. तो रीतसर बाजारात आला जुलै २०१३ मध्ये. म्हणजे स्पर्धा ही मुळात नव्या मालाची जाहिरात होती, आणि एवढी महागडी जाहिरात तोवर या धंद्यात कुणी केलेली नव्हती. आमच्या कॅफेत आकडा ऐकून निम्म्या लोकांनी तो खोटा ठरवला. युक्रेनच्या क्लबानं चिनी क्लबाला हरवलं. पुढच्या वर्षी स्पर्धा अमेरिकेत सिएटलला गेली आणि २०१७ पर्यंत तिथेच राहिली. सिएटलचं घड्याळ आपल्या साडेबारा तास मागे. फायनल म्हणजे रात्रभर जागरण आणि सकाळी ट्रान्स-हार्बर लोकलला उभ्यानं झोप.

२०१३ मध्ये व्हॉल्व्ह कंपनीनं एक शक्कल काढली आणि स्पर्धेचं सगळं अर्थकारण बदललं. १० डॉलरची एक डिजिटल पुस्तिका काढली. ती विकत घेतली की त्यातला पाव हिस्सा बक्षिसात जमा, उरलेला पाऊण कंपनीच्या गल्ल्यात. कंपनीनं स्वतःचे १६ लाख घातले होते, लोकांनी ती रक्कम २८ लाखांच्या पुढे नेली. २०१४ मध्ये १ कोटी ९ लाख, २०१५ मध्ये १ कोटी ८४ लाख, २०१९ मध्ये शांघायला ३ कोटी ४३ लाख, आणि करोनामुळे वर्षभर पुढे ढकललेली दहावी स्पर्धा २०२१ मध्ये झाली तेव्हा ४ कोटी डॉलरच्या वर. ‘जगातलं सर्वांत मोठं बक्षीस’ अशा मथळ्यांत दरसाल हाच आकडा फिरायचा. तो आकडा म्हणजे खेळणाऱ्यांनीच जमवलेली वर्गणी होती आणि वर्गणीच्या तिप्पट रक्कम आयोजकाकडे जात होती, हे मथळ्यात बसत नसे. आमच्याकडे गणपतीची वर्गणी अशी वाटली तर मंडळाच्या खजिनदाराला पुढच्या वर्षी कुणी दारात उभं करणार नाही. मीही तीन वर्षं ती पुस्तिका घेतली, वडिलांच्या क्रेडिट कार्डावर, हेही कबूल करून टाकतो.

आता स्वीडन. दहावी स्पर्धा स्टॉकहोमला ठरली होती. आधी २०२० मध्ये, मग करोनामुळे ऑगस्ट २०२१ मध्ये. जून २०२१ मध्ये कंपनीनं जाहीर केलं की स्पर्धा तिथे होऊ शकत नाही. कारण असं: त्या वेळी युरोपबाहेरून स्वीडनमध्ये यायला करोनाची बंदी होती, पण उच्च दर्जाच्या क्रीडा स्पर्धांसाठी येणाऱ्यांना सूट होती. ही सूट आपल्यालाही मिळेल, असं कंपनीला स्थानिक यजमानांकडून सांगितलं गेलं होतं. मग तिथल्या शिखर क्रीडा महासंघाची बैठक झाली, मतदान झालं, आणि ई-स्पोर्ट्सला, म्हणजे व्हिडिओ गेमच्या स्पर्धांना, महासंघात घ्यायचं नाही असं ठरलं. कंपनी गृहमंत्र्यांकडे गेली: या एका स्पर्धेला ‘उच्च दर्जाची क्रीडा स्पर्धा’ म्हणून नोंदवा. नकार आला. सरकारनं फेरविचार करावा अशी विनंती केली, तीही फळली नाही. ती नोंद नाही म्हणून सूट नाही, सूट नाही म्हणून चीन, रशिया, आग्नेय आशिया, दक्षिण अमेरिका इथल्या खेळाडूंना व्हिसा नाही. निम्मे संघ विमानातच बसू शकणार नव्हते.

डोटाच्या गोटात तेव्हा स्वीडनच्या नावानं खडे फोडले गेले. काउंटर-स्ट्राइक या नेमबाजीच्या गेमचे दिग्गज ज्या देशानं दिले, २०१३ ची इंटरनॅशनल ज्या देशाच्या क्लबानं जिंकली, त्यानंच हे करावं, असा सूर होता. मला तो सूर तेव्हाही पूर्ण पटला नव्हता. महासंघाचा प्रश्न वेगळा होता. सभासद संघटनेची लोकशाही रचना, मुलांचा सहभाग, नियम कोण ठरवणार, असल्या कसोट्यांवर तो उभा असतो. फुटबॉलचे नियम कुणाच्या मालकीचे नाहीत. डोटाचे आहेत. कंपनीला वाटलं तर उद्या सकाळी नकाशाच बदलून टाकते, आणि तसं तिनं केलेलंही आहे. एका खाजगी मालकाच्या मालमत्तेला सार्वजनिक क्रीडा महासंघात घ्यायचं का, हा प्रश्न मूर्खपणाचा नाही. मूर्खपणा झाला तो पुढे. महासंघाच्या सभासदत्वाचं उत्तर व्हिसाच्या खिडकीला चिकटवलं गेलं. करोना पसरेल की नाही हे माणसं किती, चाचण्या किती यावर ठरणार होतं. तिथे कसोटी लागली ती ‘हा खेळ आहे का’ याची. आणि कंपनीही धुतल्या तांदळासारखी नव्हती. चार कोटींची स्पर्धा तोंडी भरवशावर, पक्कं पत्र हाती नसताना, तारखेसकट जाहीर करायची कशाला? आपल्याकडे साधा मांडव घालायचा तर महापालिका, वाहतूक पोलीस आणि अग्निशमन अशी तीन पत्रं आधी लागतात.

शेवटी बुखारेस्ट ठरलं. ऑक्टोबर २०२१, राष्ट्रीय स्टेडियम. तिकिटं विकली गेली आणि रुमानियात रुग्ण वाढले म्हणून स्पर्धेच्या तोंडावर पैसे परत केले गेले. प्रचंड स्टेडियम, मध्ये काचेच्या खोल्या आणि बसायला कुणी नाही. विजेत्या रशियन क्लबाच्या वाट्याला १ कोटी ८२ लाख डॉलर आले, टाळ्या नाहीत. मी ती फायनल घरी लॅपटॉपवर पाहिली. पाचवा गेम संपल्यावरची शांतता ऐकून मला वाटलं आवाज गेला, म्हणून हेडफोनची पिन काढून परत घातली.

त्यानंतरचं थोडक्यात. २०२२ मध्ये सिंगापूरला बक्षीस १ कोटी ८९ लाखांवर आलं. २०२३ मध्ये कंपनीनं सांगितलं की बहुतेक खेळाडू तो मोठा पास, म्हणजे त्या पुस्तिकेचं पुढचं रूप, घेतच नाहीत, म्हणून आता सगळी मेहनत त्यात घालणार नाही. बक्षीस एका झटक्यात ३१ लाखांवर. त्यानंतर कोपनहेगन आणि हॅम्बुर्ग, दोन्हीकडे ३० लाखांच्या आत. कुणी याला ऱ्हास म्हणतं. माझ्या मते फुगा गेला आणि स्पर्धा उरली. सामने पूर्वीपेक्षा वाईट झालेले नाहीत.

भारताच्या बाजूनं या इतिहासात फार काही नाही, जे आहे ते अलीकडचं. एप्रिल २०१९ मध्ये वरळीच्या डोममध्ये ३ लाख डॉलरची डोटा स्पर्धा झाली. इंटरनॅशनल नव्हे, पण ज्यांना पडद्यावर पाहिलं ते संघ समोर बसलेले. नेरूळहून आम्ही चौघे गेलो होतो. परत येताना कुर्ल्याला गाडी बदलेपर्यंत घसा बसलेला. ऑगस्ट २०२२ मध्ये बर्मिंगहॅमला राष्ट्रकुल ई-स्पोर्ट्स स्पर्धेत भारताच्या डोटा संघानं न्यूझीलंडला हरवून कांस्य घेतलं. इथे मात्र देशाचा संघ होता, त्यामुळे ‘आपली टीम आहे का’ या प्रश्नाला प्रथमच ‘हो’ म्हणता आलं. पेपरात बातमी होती, आतल्या पानावर.

मग आपलाही रकाना आला. २३ डिसेंबर २०२२ च्या अधिसूचनेनं बहुक्रीडा स्पर्धांमधलं ई-स्पोर्ट्स केंद्रीय क्रीडा मंत्रालयाकडे गेलं आणि ऑनलाइन गेमिंग माहिती तंत्रज्ञान मंत्रालयाकडे. त्याआधी दोन्ही शब्द सरसकट एकाच अर्थानं वापरले जात. रमीच्या जाहिरातवाल्यालाही ‘गेमिंग’ म्हणवून घ्यायचं होतं आणि डोटावाल्यालाही, आणि आईला दोन्हींत फरक दिसत नव्हता. ऑगस्ट २०२५ मध्ये ऑनलाइन गेमिंगचा कायदा झाला. २० तारखेला लोकसभा, २१ ला राज्यसभा, २२ ला राष्ट्रपतींची मंजुरी. पैसे लावून खेळायचे ऑनलाइन गेम, कौशल्याचे असोत वा नशिबाचे, बंद. ई-स्पोर्ट्सला वेगळी व्याख्या: निकाल चपळाई, बुद्धी, डावपेच यांवरच लागला पाहिजे, मान्यता आणि नोंदणी हवी, सहभागाचं शुल्क स्पर्धेत उतरण्यापुरतं किंवा खर्चापुरतं चालेल, कामगिरीवर बक्षीसही चालेल, पैज चालणार नाही. आमची कॅफेतली बिलाची पैज या व्याख्येत कुठे बसली असती, यावर परवा जुन्या ग्रुपवर दोन तास चर्चा झाली. एक वकील मित्र म्हणाला, “लॅन होतं रे, ऑनलाइन नव्हतं,” आणि सुटका करून घेतली.

मुलांनी समारंभाचं भाडं भरलं नाही. हॉल क्रिकेटला गेला आणि फायनल त्यांनी सातव्या मजल्यावर एकाच्या घरी, टीव्हीसमोर अकरा जण दाटीवाटीनं बसून पाहिली. पाचव्या गेमपर्यंत गेली. त्यातलेच तिघे आता ठाण्यात वर्तकनगरला मित्राच्या क्लासच्या जागेत सोळा संघांची छोटी डोटा स्पर्धा घेणार आहेत. पोस्टरचा मसुदा मला पाठवला होता. पहिल्या मसुद्यात ‘प्रवेश फी ५०० रुपये, विजेत्याला सगळी रक्कम’ असं होतं. वकील मित्राकडून परत आला तेव्हा त्यावर लाल शाईत ‘नोंदणी खर्च’ लिहिलेलं होतं, आणि ‘सगळी रक्कम’ वर काट.