हेक्स स्ट्रिंगमधला ‘क’ बाइटमध्ये कसा उतरतो

‘ई०ए४९५’ ही सहा अक्षरं बघा. प्रोग्राममध्ये यातले ई आणि ए रोमन लिपीत असतात, इथे मी देवनागरीत लिहितोय एवढंच. तर ही सहा अक्षरं म्हणजे आपला मराठी ‘क’ आहे, यूटीएफ-८ (अक्षरं बाइटमध्ये साठवायची पद्धत) ने साठवलेला. पण ‘क’ला जागा लागते फक्त ३ बाइट, मग अक्षरं ६ कशी?

कारण हेक्स, म्हणजे सोळा चिन्हांत आकडे लिहायची पद्धत, हे आपल्या डोळ्यांसाठी आहे, मशीनसाठी नाही. एका बाइटमध्ये ८ बिट असतात, ते शून्य-एक करत वाचायला गेलं की डोळे थकतात, म्हणून ४-४ बिटचे दोन तुकडे करायचे आणि प्रत्येक तुकड्याला एक चिन्ह द्यायचं. ४ बिटमध्ये १६ शक्यता बसतात, ० ते ९ ही दहा चिन्हं आणि पुढे १० ते १५ साठी ए ते एफ. म्हणजे दोन अक्षरं मिळून बरोब्बर एक बाइट.

उलटं जाताना जोड्या पाडायच्या. पहिली जोडी ‘ई०’, ई म्हणजे १४, त्याला १६ ने गुणायचं, त्यात ० मिळवायचा, झाले २२४. ‘ए४’ म्हणजे १० गुणिले १६ अधिक ४, १६४. ‘९५’ म्हणजे ९ गुणिले १६ अधिक ५, १४९. हे तीन आकडे ओळीने बफरमध्ये, म्हणजे बाइट ठेवायच्या मेमरीतल्या जागेत, ठेवले की काम झालं. आता ‘ई’ म्हणजे १४ हे प्रोग्रामला कसं कळतं, तर अक्षरालाही आस्कीमध्ये (अक्षरांना नंबर देणाऱ्या जुन्या तक्त्यात) नंबर असतो, स्मॉल ‘ई’चा १०१, त्यातून ८७ वजा केले की १४. अंकांसाठी ४८ वजा करायचे आणि कॅपिटल अक्षरांसाठी ५५.

खरा घोळ होतो तो इथे की स्ट्रिंग तशीच्या तशी टेक्स्ट म्हणून बफरमध्ये टाकली जाते. मग २२४, १६४, १४९ च्या जागी १०१, ४८, ९७, ५२, ५७, ५३ असे सहा बाइट जातात आणि कुठेही एरर येत नाही! माझ्यासोबत हे झालंय, ६४ अक्षरांची सीक्रेट की होती म्हणजे खरे ३२ बाइट, मी कोडमध्ये ‘हेक्स’ हा एक शब्द लिहायला विसरलो आणि प्रत्येक वेळी त्या कीवरून काढलेली सिग्नेचर (डेटा तपासायची खूण) चुकीची यायला लागली, जवळजवळ पूर्ण दिवस मी बाकी सगळं तपासत बसलो आणि शेवटी बफरची लांबी प्रिंट केली तेव्हा ६४ दिसले. तेव्हापासून मी सगळ्यात आधी लांबीच बघतो, अक्षरांच्या निम्मी आली पाहिजे.

दुसरी गोष्ट म्हणजे चुकीच्या स्ट्रिंगशी प्रत्येक भाषा वेगळी वागते. नोडमध्ये (ब्राउझरबाहेर जावास्क्रिप्ट चालवणारं साधन) ‘बफर डॉट फ्रॉम’ला ‘हेक्स’ सांगून ‘ई०ए४९’ अशी पाचच अक्षरं दिली तर शेवटचा ९ गुपचूप गळतो आणि दोनच बाइट मिळतात, तुमचा ‘क’ अर्धवट राहतो. सुरुवातीला ‘०एक्स’ लावलेलं असेल तर पहिल्याच जोडीत तो एक्स येतो, तिथेच वाचन थांबतं आणि हातात रिकामं बफर. पायथनचं ‘फ्रॉमहेक्स’ अशा दोन्ही वेळी सरळ एरर देतं, जोड्यांमधल्या स्पेस मात्र चालवून घेतं. मला पायथनची पद्धत जास्त पटते, डेटा गुपचूप कापला जाण्यापेक्षा प्रोग्राम थांबलेला बरा.

काही जण आधी अख्ख्या स्ट्रिंगचा एक मोठा आकडा बनवतात आणि मग त्याचे बाइट काढतात, ते करू नका. ‘००एफएफ’चा आकडा होतो २५५, सुरुवातीचे शून्य गेले आणि दोन बाइटचा एकच उरला. शिवाय जावास्क्रिप्टचा साधा नंबर ९००७१९९२५४७४०९९१ च्या पुढे प्रत्येक पूर्णांक नेमका धरू शकत नाही, ६४ अक्षरांची की तर त्याच्या फार पुढे जाते.

जावावाल्यांसाठी अजून एक, तिथे बाइट उणे १२८ ते १२७ एवढाच असतो, त्यामुळे ‘एफएफ’ बफरमध्ये उणे १ दिसतो. बिट तेच आठही एक असतात, फक्त छापताना असं दिसतं. पण ‘पार्सबाइट’ला (स्ट्रिंगमधून एक बाइट वाचणारं जावाचं फंक्शन) हेक्स म्हणून ‘एफएफ’ दिलं तर ते २५५ समजून एरर देतं, म्हणून जावा १७ पासून आलेलं ‘हेक्सफॉरमॅट’ वापरा, ते पूर्ण स्ट्रिंगचे बाइट एकदम काढून देतं.