आल्ची

लडाखमधील एक लहान गाव. लेहच्या पश्चिमेस सुमारे ६५ किमीवर, सिंधूच्या डाव्या तीरावर, सुमारे ३,१०० मी. उंचीवर वसलेले. लेह-श्रीनगर रस्त्याने निम्मू, बासगो मागे टाकून सासपोलजवळ पूल ओलांडला की गाव येते. जव आणि जर्दाळू ही इथली मुख्य पिके. लडाख २०१९ पासून केंद्रशासित प्रदेश आहे. जुन्या जम्मू-काश्मीर संस्थानाचा भाग म्हणून त्यावर पाकिस्तान हक्क सांगतो, तर पूर्वेकडील अक्साई चीन चीनच्या ताब्यात आहे.

लडाखचे बहुतेक गोंपा (बौद्ध मठ) टेकडीवर बांधलेले. आल्चीचा ‘छोसखोर’ (मंदिरसमूह) मात्र नदीकाठच्या सपाटीवर, घरांना लागून आहे. लोकपरंपरा त्याचे श्रेय बौद्ध ग्रंथांचे तिबेटी अनुवादक रिनछेन झांगपो (९५८-१०५५) यांना देते. पण त्यातील सुमत्सेक या तीन मजली मंदिराच्या वरच्या मजल्यावरील गुरुपरंपरेच्या चित्रात ड्रिकुंग या तिबेटी बौद्ध पंथाचे संस्थापक जिग्तेन गोंपो (११४३-१२१७) दिसतात. त्यामुळे निदान ते मंदिर तरी सुमारे १२०० च्या आधीचे मानता येत नाही. हा पुरावा परंपरेपेक्षा वजनदार आहे.

पाच मंदिरांत दुखांग (सभामंदिर) आणि सुमत्सेक महत्त्वाची. सुमत्सेकमध्ये अवलोकितेश्वर, मैत्रेय आणि मंजुश्री या बोधिसत्त्वांच्या सुमारे ४ मीटर उंच मातीच्या मूर्ती कोनाड्यांत उभ्या आहेत. त्यांची डोकी वरच्या मजल्यापर्यंत पोचतात. खरे पाहण्यासारखे आहे ते त्यांचे धोतर. अवलोकितेश्वराच्या वस्त्रावर राजवाडे व देवळे, मैत्रेयाच्या वस्त्रावर बुद्धचरित्र आणि मंजुश्रीच्या वस्त्रावर ८४ सिद्ध (तांत्रिक बौद्ध साधक) बारीक कुंचल्याने रंगवले आहेत. हात काश्मिरी शैलीचा आहे, आणि खुद्द काश्मीरमध्ये त्या काळची भित्तिचित्रे जवळजवळ उरलेली नसल्याने आल्चीचे मोल वाढते. सोळाव्या शतकात काही भाग पुन्हा रंगवला गेला. पुढे येथे भिक्खूंचा नित्य वावर राहिला नाही, हेही पथ्यावर पडले: दिव्यांची काजळी कमी बसली. देखभाल लिकिर गोंपा करतो.

सध्याचा शत्रू पाणी. छत सपाट: लाकडी तुळया, त्यांवर विलोच्या काठ्या, गवत आणि वर चिकणमातीचा थर. लेहला वर्षाला सुमारे १०० मिमीच पाऊस पडतो, त्या मानाने ही रचना पुरेशी. मात्र बर्फ वेळेवर खरवडला नाही की ते वितळून झिरपते. गळती थांबवायला वरून आणखी माती लिंपली, तर वजन वाढून तुळया वाकतात, खोलगट जागी पाणी साचते आणि गळती वाढते. भिंतीवरून उतरणारे पाणी मातीचे ओघळ आणते. रंग अजिंठ्याप्रमाणेच कोरड्या गिलाव्यावर चढवलेले असल्याने ते सहज सुटतात. ऑगस्ट २०१० च्या ढगफुटीसारख्या जोरदार पावसात असे छत टिकत नाही.

आत छायाचित्रणास बंदी आहे आणि उजेड फार कमी. साधी विजेरी जवळ ठेवावी.