ठोक्यातला सूर, सुरातला ठोका

डीजे एका गाण्यातून दुसऱ्यात शिरताना दोन्ही काही वेळ एकत्र वाजवतो, म्हणून त्यांचे ठोके जुळावे लागतात. समजा एक गाणं मिनिटाला १२८ ठोक्यांचं, दुसरं १२८.५ चं. दोघांचा पहिला ठोका नेमका एकावर एक ठेवून ती सोडून द्या. सुरुवातीला कुणालाच काही कळत नाही. मग ‘धप’चं हळूहळू ‘धडप’ होतं, आणि मिनिटभराने दुसऱ्याचा ठोका पहिल्याच्या दोन ठोक्यांच्या बरोब्बर मधोमध पडतो. नाचणारे पाय अडखळतात. गंमत अशी, की काहीही न करता आणखी एक मिनिट थांबलात तर ठोके आपोआप पुन्हा जुळतात. एवढा धीर असलेले श्रोते मात्र सापडायचे नाहीत.

दोन सूर एकदम लावले की हेच घडतं, फक्त फार भरभर. ४४० आणि ४४३ हर्ट्झचे, म्हणजे सेकंदाला तेवढ्या कंपनांचे, सूर एकत्र वाजले तर आवाज सेकंदाला तीनदा फुगतो आणि ओसरतो. जेवढा फरक, तेवढे हेलकावे. भौतिकशास्त्रात यांना विस्पंद म्हणतात. हेलकावे सेकंदाला वीस-तीसवर गेले की सुटे ऐकू येत नाहीत, नुसती खरखर जाणवते. कानाला खुपणाऱ्या स्वरमेळांचं मूळ जर्मन शास्त्रज्ञ हेल्महोल्ट्झने १८६३ मध्ये या खरखरीतच शोधलं.

म्हणजे लय आणि सूर हे एकाच कुळातले. १२८ चा ठेका म्हणजे सेकंदाला जेमतेम दोन ठोके. तोच पन्नासपट वेगाने वाजवला तर ठोके विरघळून शंभरएक हर्ट्झचा घुमणारा सूर उरतो.

तबकड्यांच्या काळात हे नातं डीजेला चांगलंच नडायचं. १९७९ च्या टेक्निक्स एसएल-१२०० एमके२ या टर्नटेबलवर वेग आठ टक्के कमी-जास्त करणारा सरकता खटका होता, पिच फेडर. पण तबकडी जोरात फिरली की सूरही चढणारच. पियानोच्या लगतच्या दोन पट्ट्यांमधलं अंतर म्हणजे वेगातला साधारण सहा टक्के फरक. १२४ चं गाणं १२८ वर नेलं तर वेग सव्वातीन टक्के वाढतो, आणि सूर थेट त्या दोन पट्ट्यांच्या फटीत जाऊन बसतो. लय जुळली, सूर गेला.

संगणकाने ही गाठ सोडवली. बेल लॅब्ज या अमेरिकी संशोधनसंस्थेत फ्लॅनगन आणि गोल्डन यांनी १९६६ मध्ये मांडलेला फेज व्होकोडर आवाजाचे बारीक तुकडे करून त्यातल्या कंप्रता वेगळ्या काढतो. मग त्या न बदलता आवाज लांबवता किंवा आखडता येतो. डीजेच्या यंत्रावरचं, वेग बदलला तरी सूर जागेवर ठेवणारं ‘की लॉक’ बटण अशाच युक्त्या वापरतं. फार ताणलं की ढोलाची धार बोथट होते, ती किंमत आहेच.

आता सूर मोकळा झाला, म्हणून कुठल्या गाण्याचे सूर कुठल्याशी जुळतील याचा नकाशा कामाला येतो. कॅमेलॉट चक्र या नकाशात १२ मेजर आणि १२ मायनर पट्ट्या (इथे पट्टी म्हणजे गाण्याचा सात स्वरांचा संच) घड्याळासारख्या मांडलेल्या असतात: ८ए म्हणजे ए मायनर, ८बी म्हणजे सी मेजर. शेजारचं घर पंचमाच्या अंतरावर, त्यामुळे ८ए आणि ९ए यांचे सातपैकी सहा स्वर सारखे. षड्ज-पंचमाचा जुनाच संवाद, नाव तेवढं नवं.

माझ्या मते या आकड्यांवर जरा जास्तच विसंबलं जातं. खर्जात कानाची पारख ढोबळ असते: ५५ आणि ६५ हर्ट्झचे दोन बेस, गाणी एकाच पट्टीतली असली तरी, एकमेकांत कालवले जातात. तिथे चक्र उपयोगी पडत नाही. एका गाण्याचा बेस कापायचा आणि मगच दुसऱ्याचा आत घ्यायचा.