मलायावरील जपानी आक्रमण

दुसऱ्या महायुद्धात ब्रिटिश सत्तेखालील मलायावर (आजच्या मलेशियाचा द्वीपकल्पीय भाग) जपानने केलेली चढाई (८ डिसेंबर १९४१ ते १५ फेब्रुवारी १९४२). सत्तर दिवसांची ही मोहीम बहुधा ‘सिंगापूरचा पाडाव’ म्हणूनच सांगितली जाते. वास्तविक तिचा निकाल सिंगापूरच्या कितीतरी उत्तरेला, केदा आणि पेराक या राज्यांमधून जाणाऱ्या हमरस्त्यावर लागला होता. तो रस्ता राखणाऱ्या फौजेत सर्वांत मोठा भरणा भारतीय सैनिकांचा होता.

मलायात रबराचे मळे आणि कथलाच्या खाणी होत्या. जपानला त्याहून निकड होती ती डच ईस्ट इंडीजमधल्या (आजचा इंडोनेशिया) तेलाची. जुलै १९४१ मध्ये जपानने दक्षिण इंडोचायनात सैन्य उतरवल्यावर अमेरिकेने त्याचा तेलपुरवठा तोडला. डच बेटांच्या वाटेवर सिंगापूरचा आरमारी तळ होता.

८ डिसेंबरच्या मध्यरात्रीनंतर थोड्याच वेळात मलायाच्या ईशान्येकडील केलांतान राज्यातील कोटा भारूच्या किनाऱ्यावर जपानी तुकड्या उतरल्या. पर्ल हार्बरवरचा हल्ला यानंतर तासाभराने झाला. तारीखरेषेमुळे तो आदल्या दिवशीचा वाटतो, इतकेच. किनाऱ्यावर आठव्या भारतीय ब्रिगेडमधील डोग्रा पलटणीने कडवी झुंज दिली व ऑस्ट्रेलियन हडसन विमानांनी एक जपानी वाहतूक जहाज निकामी केले. तरीही संध्याकाळपर्यंत विमानतळ सोडावा लागला.

लेफ्टनंट जनरल तोमोयुकी यामाशिताच्या पंचविसाव्या सैन्याचा मुख्य भाग मात्र सयाममधील (आजचे थायलंड) सिंगोरा आणि पाटानी येथे उतरला. हे ओळखून सिंगोरा आधीच गाठण्याची ‘मॅटाडोर’ योजना ब्रिटिशांनी आखली होती. पण तटस्थ देशात आपण आधी पाऊल टाकायचे का, या विचारात वेळ निघून गेली. चालून जाण्यासाठी पावसात ताटकळलेल्या अकराव्या भारतीय डिव्हिजनला मग केदातील जित्राच्या अर्धवट, पाणी भरलेल्या खंदकांत उतरावे लागले. ११-१२ डिसेंबरला ती फळी मोडली. त्याआधीच, १० तारखेला, क्वांतानजवळच्या समुद्रात ‘प्रिन्स ऑफ वेल्स’ आणि ‘रिपल्स’ या ब्रिटिश युद्धनौका जपानी विमानहल्ल्यात बुडाल्या होत्या. सुमारे ८४० नाविक दगावले.

जपानी शिपाई सायकलींवरून झपाट्याने पुढे सरकले, ही कथा सर्वांना ठाऊक असते, पण सायकल चालायला रस्ता लागतो. मळ्यांतला माल बंदरात नेण्यासाठी ब्रिटिशांनी बांधलेले उत्तम डांबरी रस्तेच शत्रूच्या कामी आले. माघार घेताना पूल उडवले, तर जपानी शिपाई सायकल खांद्यावर घेऊन नदी ओलांडत आणि मागून अभियंते पूल पुन्हा उभे करत. ब्रिटिश बाजूकडे एकही रणगाडा नव्हता. अनेक भारतीय शिपायांनी आयुष्यातला पहिला रणगाडा पाहिला तो स्वतःवर चालून येताना. त्यातच नव्या पलटणी उभारण्यासाठी जुन्या पलटणींतले अनुभवी अधिकारी आणि हवालदार काढून घेतलेले, त्यामुळे कोवळ्या रंगरूटांना सांभाळणारे कोणी उरले नव्हते. या पराभवाचा दोष त्या शिपायांच्या माथी मारणे अन्यायाचे आहे. ७ जानेवारीला स्लिम नदीवर पहाटेच्या अंधारात सुमारे तीस रणगाड्यांनी दोन ब्रिगेड काही तासांत उद्ध्वस्त केल्या. ११ जानेवारीला क्वालालंपूर पडले. मुआरच्या लढाईनंतर पारित सुलोंग येथे मागे राहिलेल्या सुमारे दीडशे ऑस्ट्रेलियन व भारतीय जखमींची कत्तल झाली.

पेनांग बेटावरचा प्रसंग मलायाचे लोक विसरले नाहीत. बॉम्बहल्ल्यांनी होरपळलेल्या तेथील जॉर्जटाउन शहरातून डिसेंबरच्या मध्यास युरोपीय रहिवाशांना गुपचूप हलवले गेले. चिनी, मलाय आणि तमिळ माणसे तिथेच राहिली. शाबूत राहिलेल्या होड्या जपान्यांनी किनाऱ्याने पुढे सरकायला वापरल्या. ब्रिटिश राजवटीचा दरारा तिथेच संपला.

३१ जानेवारीला उरलेली फौज जोहोरचा बांध ओलांडून सिंगापुरात आली. १५ फेब्रुवारीला बुकित तिमाह येथील फोर्ड कारखान्यात ब्रिटिश सेनापती लेफ्टनंट जनरल आर्थर पर्सिव्हल यांनी शरणागती पत्करली. दोनच दिवसांनी सिंगापुरातील फॅरर पार्क मैदानावर चाळीस हजारांच्या आसपास भारतीय युद्धकैद्यांना जपान्यांच्या हवाली करण्यात आले. जित्रानंतर पकडले गेलेले कॅप्टन मोहनसिंग यांनी तेथे आझाद हिंद सेनेत येण्याचे आवाहन केले. सामील झालेल्यांत सावंतवाडीकडचे जगन्नाथराव भोसले होते. ते पुढे सेनेचे प्रमुख अधिकारी झाले. नकार देणाऱ्यांपैकी अनेकांना न्यू गिनीत मजुरीसाठी धाडले गेले.

जपानी अंमल सप्टेंबर १९४५ पर्यंत टिकला. सिंगापुरात चिनी पुरुषांना वेचून ठार मारण्यात आले. रबराचे मळे ओस पडल्यावर तेथील तमिळ मजूर, काही आमिषाने तर काही जबरदस्तीने, सयाम-ब्रह्मदेश रेल्वेच्या कामावर नेले गेले. ४१५ किलोमीटरच्या त्या मार्गावर मेलेल्या आशियाई मजुरांची संख्या तिथे मेलेल्या युद्धकैद्यांच्या कित्येक पट होती.