थांबलं की पैसे परत येतातच?

‘शेअर बाजार कितीही पडू दे, थांबलात की पैसे परत येतातच’ हा मेसेज वर्षानुवर्षं फिरतोय. तो पटतो, कारण निर्देशांक (अनेक शेअर्सची एकत्रित पातळी दाखवणारे आकडे) बऱ्याचदा सावरतातही. प्रश्न आहे, किती वर्षांनी? अमेरिकेचा नॅस्डॅक निर्देशांक मार्च 2000 मध्ये 5,048 वर होता, ऑक्टोबर 2002 मध्ये 1,114 वर. शंभराचे बावीस झाले. बावीसाचे पुन्हा शंभर व्हायचे तर साडेचारपट व्हावं लागतं. ती पातळी परत दिसली 2015 मध्ये. तोवर मुलांची फी थांबत नाही. शिवाय बुडालेल्या कंपन्या निर्देशांकातून बाहेर जातात, म्हणून तो सावरला तरी आपला शेअर सावरेलच असं नाही. स्वतः तपासा: निर्देशांकाचा वीस-पंचवीस वर्षांचा आलेख उघडा, शिखरावर बोट ठेवा आणि तीच उंची पुन्हा येईपर्यंतची वर्षं मोजा.